एकच मोशन सेन्सर दिव्यालाही आणि घराच्या राखणीलाही: नागपूरच्या घरात कसं जमवायचं?

बेसा_रोड

नमस्कार मंडळी. बेसा भागात आमचं रो-हाउस आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आईची खोली. वर दोन खोल्या आणि गच्ची. आई ७४ वर्षांची, गुडघ्यांचं दुखणं जुनं, आणि रात्री उठावंच लागतं. खोली ते बाथरूम या पॅसेजमध्ये तिला भिंत चाचपडत बटण शोधावं लागू नये, ही माझी पहिली निकड. दुसरी निकड राखणीची. परीक्षा संपल्या की आम्ही सगळे अमरावतीला सासरी जातो आणि घर कुलपात राहतं. आमच्या रांगेतली निम्मी घरं तेव्हा बंदच असतात.

वायरमन म्हणतो, दिव्यांचे सेन्सर वेगळे घ्या, चोराचे वेगळे. बर्डीवरचा दुकानदार म्हणतो, एकातच दोन्ही कामं होतात, डबल खर्च कशाला. कुणी हे एकत्र चालवलं आहे का? घरात कॅमेरा नको आहे, आईलाही नको आणि मुलीलाही नको. आणखी एक शंका. मे महिन्यात आमच्या पश्चिमेच्या भिंतीला रात्री नऊ वाजता हात लावला तरी चटका बसतो. अशा उन्हाळ्यात हे सेन्सर चालतात का?

सर्किट_सक्करदरा

ताई, सेन्सर एकच ठेवता येतो. त्याने दिलेल्या खबरीवर घराने काय करायचं, हे मात्र दिव्यासाठी वेगळं आणि भोंग्यासाठी वेगळं ठरवावं लागतं. दोघांना चालणारी चूक वेगळी आहे, म्हणून.

पॅसेजमधला दिवा उगाच लागला तर ९ वॅटचा बल्ब दोन मिनिटं जळेल, कुणाचं काही बिघडत नाही. पण आई उठली आणि दिवा लागलाच नाही, तर ती अंधारात पडू शकते. म्हणजे दिव्याने एकही हालचाल सोडायची नाही, जास्तीच्या चुका माफ. भोंग्याचं बरोबर उलटं. तो आठवड्यातून दोनदा फुकट वाजला की शेजारी खिडकी उघडून बघणं बंद करतात, आणि थोड्या दिवसांनी घरचेच वैतागून तो कायमचा बंद करतात. बहुतेक घरांतले अलार्म असेच निकामी झालेले मी बघितले आहेत, यंत्र बिघडून नाही.

म्हणून दिव्यासाठी एका सेन्सरची खबर पुरे. भोंग्यासाठी दोन साक्षी लागल्या पाहिजेत. दाराच्या चौकटीवर चुंबकाचा छोटा स्विच बसवा. दार उघडलं आणि त्यानंतर आत हालचाल दिसली, तरच भोंगा. किंवा हॉल आणि पॅसेज असे दोन सेन्सर अर्ध्या मिनिटाच्या आत एकामागून एक जागे झाले, तरच. पाल, पडदा, उन्हाची तिरीप यांपैकी काहीही अशी दोन खोल्यांतून चालत जात नाही.

आता सेन्सर कसा बघतो ते सांगतो, कारण जागा ठरवताना तेच कामी येतं. आपण घेतो तो पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सर स्वतः काही सोडत नाही. माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता, म्हणजे साधारण १० मायक्रॉनच्या आसपासचे अवरक्त किरण, तो टिपतो. आत दोन तुकडे असतात आणि त्यांची जोडणी एकमेकांच्या उलट असते. सगळी खोली एकदम तापली तर दोघांवर सारखाच परिणाम होतो आणि हिशेब शून्य. माणूस आडवा चालत गेला तर आधी एका तुकड्याला दिसतो, मग दुसऱ्याला, आणि त्या फरकावर सेन्सर जागा होतो. वरची पांढरी खाचाखाचांची प्लास्टिकची भिंगं खोलीचे पट्टे पाडतात. एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की फरक तयार होतो.

याचा अर्थ असा की सेन्सरच्या समोरून आडवं जाणारं माणूस लवकर सापडतं, आणि थेट त्याच्याकडे चालत येणारं उशिरा. आईच्या पॅसेजमध्ये सेन्सर टोकाच्या भिंतीवर लावाल तर आई अर्धा पॅसेज अंधारात चालेल. तो तिच्या खोलीच्या दाराजवळ बाजूच्या भिंतीवर घ्या, म्हणजे तिने उंबरठा ओलांडला की ती त्याला आडवी जाईल. हॉलमध्ये कोपऱ्यात, ७ ते ८ फूट उंचीवर.

तर्री_पोहा

राजेहो, कूलरचं सांगा ना कोनी. आमच्या हॉलमध्ये सेन्सर कूलरच्या समोरच आहे. दुपारी कूलर चालू केला का दिवा घडोघडी लागून राहते, बंद केला का चुप. हे पडद्यामुळं होऊन राहिलं का गार हवेमुळं?

सर्किट_सक्करदरा

दोन्हीमुळे, भाऊ. खिडकीचा पडदा उन्हाने तापलेला, मागची भिंत त्यापेक्षा गार. तो पडदा हलला की सेन्सरला तापलेलं काहीतरी सरकताना दिसतं. शिवाय कूलरचा ओला झोत थेट लेन्सवर येतो आणि तिचं तापमान सारखं खालीवर होतं. कूलर ज्या खिडकीत आहे, त्याच भिंतीवर सेन्सर वर घ्या. मग हवा त्याच्यावर येणार नाही, आणि खिडकी-पडदाही त्याच्या नजरेत राहणार नाही. फ्रिजच्या मागच्या बाजूकडे आणि देवघराच्या समईकडेही तोंड नको.

सेन्सरच्या मागे वायरचं भोक असतं, ते पुटीने बुजवा. गच्चीकडून येणाऱ्या पाइपातून गरम हवा आत फुंकली जाते आणि दुपारभर खोट्या खबरी येत राहतात. हे फार कमी जण बघतात.

महालचा_वाडा

धागा चांगला आहे. आमचा प्रश्न नवीन घरवाल्यांना नसेल, पण महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत सगळीकडे आहे: बोर्डात न्यूट्रलच नाही. फेज बोर्डात येते, बटणातून वर जाते, आणि न्यूट्रल परस्पर होल्डरला. बहुतेक स्मार्ट स्विच आणि सेन्सर स्विचला दोन्ही लागतात. दोन वायरवर चालणारे मिळतात, पण त्यांना स्वतःसाठी लागणारी वीज दिव्यातूनच घ्यावी लागते. त्यामुळे कमी वॅटचा एलईडी बंद असतानाही मंद जळत राहतो किंवा लुकलुकतो.

आम्ही सेन्सर बोर्डात न बसवता वर होल्डरच्या जागी बसवला. तिथे फेज आणि न्यूट्रल दोन्ही आयत्या मिळतात. दुसरा मार्ग म्हणजे बॅटरीवरचा झिगबी (कमी विजेत चालणारी बिनतारी पद्धत) सेन्सर आणि झिगबी बल्ब, बटण कायम चालू. मग भिंत फोडायला नको. पण घरातल्या मोठ्यांना बटण बंद करायची सवय असते, त्यावर झाकण बसवावं लागतं.

पावसाळ्यात पाली आणि कोळी. पाल लेन्सवरूनच चालली तर ती सेन्सरला अख्ख्या माणसाएवढी दिसते. मृगाच्या आधी सगळ्या सेन्सरवरची जळमटं सुक्या मऊ कापडाने काढा. पेट्रोल, थिनर काही लावू नका, ती भिंगं पातळ पॉलिथिनची असतात.

माई_धरमपेठ

मी वयाने तुमच्या आईच्या जवळची आहे, म्हणून लिहिते. सुनेने आमच्याकडे असे दिवे लावले आहेत आणि मला त्यांचा खरोखर आधार वाटतो. पण लावणारी माणसं तरुण असतात, त्यांना काही गोष्टी सुचत नाहीत.

रात्री डोक्यावरचा पांढरा झगझगीत दिवा अचानक लागला की मला दोन क्षण काहीच दिसत नाही. म्हाताऱ्या डोळ्यांना उजेडातून अंधारात आणि अंधारातून उजेडात यायला वेळ लागतो. आणि तसा उजेड डोळ्यांवर पडला की झोप मोडते ती मोडतेच. दिवा पिवळसर हवा, मंद हवा आणि खाली हवा, घोट्याच्या उंचीवर, म्हणजे फरशी आणि उंबरठा दिसतो.

दुसरं, बाथरूममध्ये हे सेन्सर माणसाला फसवतात. बसलं की हालचाल थांबते आणि दिवा विझतो. आत अंधारात हात हलवत बसायचं, हे आमच्या वयात बरं नव्हे. बेसाच्या ताई, आईसाठी आधी हे बघा, चोराचं नंतर बघू.

कोड_प्रतापनगर

माई, बाथरूमवर पक्का इलाज आहे. तिथे पीआयआरऐवजी मिलिमीटर वेव्हचा सेन्सर लावायचा, लोक नुसतं रडार म्हणतात. तो २४ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो आणि परत येणाऱ्या लहरींतला बदल बघतो. श्वासाने छाती हलते तेवढंही त्याला पुरतं, त्यामुळे स्थिर बसलेलं माणूस सुटत नाही. एलडी२४१० नावाचं छोटं मॉड्यूल ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडलं की काम होतं, पल्ला ५-६ मीटर. सतत वीज लागते, बॅटरीवर चालवू नका.

त्याचेही दोष आहेत. छताचा पंखा त्याला माणूस वाटू शकतो. काच, प्लायवूड, जिप्समची भिंत यांतून तो पलीकडचं बघतो. विटांच्या भिंतीने बराच अडतो. या मॉड्यूलला अंतराचे पाऊण-पाऊण मीटरचे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याची संवेदनशीलता वेगळी ठेवता येते. पंखा ज्या टप्प्यात येतो तेवढी कमी करायची.

ज्यांना राखणीसाठी एकाच डबीत दोन साक्षी हव्यात, त्यांच्यासाठी पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (हाही रडारचाच प्रकार) एकत्र असलेले सेन्सर अलार्मच्या बाजारात मिळतात. दोघांनी एकदम हो म्हटलं तरच खबर. दिव्यासाठी ते जड पडतात, पण मुख्य हॉलमध्ये एक लावायला हरकत नाही.

बेसा_रोड

माई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बघ, हेच सांगत होते मी." खालचे पिवळे दिवे नक्की.

सर्किट दादा, उन्हाळ्याचं राहिलं. आणि एक नवा प्रश्न. आम्ही घरी असताना रात्री चोराचा अलार्म चालू ठेवायचा असेल, तर आई पॅसेजमध्ये आली की तोच सेन्सर भोंगा वाजवणार ना?

सर्किट_सक्करदरा

उन्हाळ्याचं सांगतो. पीआयआरला माणूस दिसतो तो मागच्या भिंतीपेक्षा वेगळ्या तापमानाचा असतो म्हणून. हिवाळ्यात भिंत १८ अंशांवर, कातडी ३३-३४ वर, फरक भरपूर, म्हणून सेन्सर लांबूनही पकडतो. आपल्याकडे मे २०१३ मध्ये ४७.९ अंश नोंदले गेले, आणि नवतपात (मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) पारा ४५ च्या पुढे जाणं नेहमीचं. भर दुपारी उन्हातली भिंत माणसापेक्षा खूप गरम असते. तेव्हा माणूस गार ठिपका म्हणून दिसतो आणि सेन्सरला तेही चालतं, त्याला फक्त फरक हवा. अडचण मधल्या वेळेची. सूर्य मावळल्यावर भिंती उतरत उतरत ३५-३६ अंशांवर येतात, म्हणजे जवळपास माणसाच्या कातडीएवढ्या. त्या दोन-तीन तासांत पोर्चमधला सेन्सर आंधळ्यासारखा होतो. तुमची पश्चिमेची भिंत नऊ वाजताही चटका देते, म्हणजे तुमच्याकडे ही वेळ आणखी उशिरा, कदाचित मध्यरात्रीकडे सरकेल.

चांगल्या अलार्म सेन्सरमध्ये तापमान भरपाई असते. खोली तापली की तो आपोआप संवेदनशीलता वाढवतो. घेताना हे विचारून घ्या. बाहेरचा पल्ला डब्यावर १२ मीटर लिहिला असेल तर उन्हाळ्यात तेवढ्यावर विसंबू नका. गेट ते दार एका सेन्सरवर टाकण्यापेक्षा दोन जवळजवळ लावा. तपासणी जानेवारीत करून काही कळणार नाही, मेमध्ये रात्री ८ ते १२ च्या दरम्यान स्वतः चालून बघा.

आणखी एक, बरेच जण बाहेरचं बघायला सेन्सर खिडकीच्या आत लावतात. काचेतून हे किरण जात नाहीत. तो जन्मभर बाहेरचा माणूस पकडणार नाही.

आईच्या पॅसेजचं उत्तर कोड दादा देतील, त्यांचा विषय आहे.

कोड_प्रतापनगर

ताई, घराच्या तीन अवस्था ठरवा: घरी, रात्र, बाहेर. मी हे होम असिस्टंट या घर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालवतो, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर, घरातल्या घरात. इंटरनेट गेलं तरी चालतं.

"घरी" असताना सगळे सेन्सर फक्त दिव्यांचे. "रात्र" असताना आतले सेन्सर दिव्यांचेच राहतात, भोंग्याला फक्त दारं, खिडक्यांचे चुंबक, गच्चीचं दार आणि पोर्च. आई शंभरदा उठली तरी तिच्यासाठी मंद पिवळा दिवाच लागेल. "बाहेर" असताना तेच पॅसेज आणि हॉलचे सेन्सर राखणीला लागतात, सर्किट दादांच्या दोन साक्षींच्या नियमाने. सेन्सर तोच, जागा तीच, अवस्थेप्रमाणे त्याच्या खबरीचा अर्थ बदलतो.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट लाइट जाण्याची. वीज गेली आणि परत आली की विजेवरचे पीआयआर जागे होताना मिनिटभर वाटेल ते सांगतात. त्यामुळे भर दुपारी बंद घरात भोंगा वाजतो. वीज आल्यावर पहिली दोन मिनिटं त्या सेन्सरची खबर भोंग्यासाठी धरायची नाही, असा नियम घाला. पण मग चोराने मीटरजवळचा मेन स्विच पाडून परत चालू केला तर? आपल्याकडे मीटर आणि मेन बऱ्याचदा पोर्चमध्ये, सगळ्यांच्या हाताशी असतात. म्हणून दारांचे चुंबकी स्विच बॅटरीवरचेच घ्या, ते कायम जागे राहतील. राउटर, रास्पबेरी पाय आणि भोंगा इन्व्हर्टरवर. "बाहेर" अवस्थेत वीज गेली की फोनवर संदेश येईल असंही करा.

बॅटरीवरचे बरेच सेन्सर एकदा हालचाल दिसली की बॅटरी वाचवायला मिनिटभर झोपतात. राखणीला ते चालतं. पण दिवा एका मिनिटात विझेल असं ठेवलं तर माणूस आत असतानाच अंधार होईल. दिव्याची वेळ सेन्सरच्या झोपेपेक्षा जास्त ठेवा, दोन-तीन मिनिटं.

हिंगणा_शिफ्ट

मी एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असतो, घरी यायला एक वाजते. "रात्र" लावून घरचे झोपलेले, आणि दार मी उघडतो. त्यासाठी मुख्य दाराला ३० सेकंदांची सवलत ठेवली आहे. तेवढ्यात कोड टाकला नाही तर भोंगा. मागच्या दाराला आणि गच्चीला सवलत नाही, तिकडून घरचं कोणी येतच नाही.

कुत्र्यांचं सांगतो. गल्लीतली कुत्री रात्रभर गेटपुढून फिरतात आणि दिवा सारखा लागतो. सेन्सरच्या भिंगाच्या खालच्या पट्ट्यांवर काळी इन्सुलेशन टेप लावली की जवळची जमीन त्याला दिसत नाही, छातीच्या उंचीचं दिसते. मांजर कंपाउंडवर चढली तर मात्र दिसणार.

आणि पोर्चचा फ्लडलाइट शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये जात असेल तर आधी त्याला खाली वाकवा. त्या शेजाऱ्यानेच उद्या आपल्या घराकडे बघायचं आहे.

जिना_त्रिमूर्तीनगर

आमच्या चार मजल्यांच्या सोसायटीत जिन्यात सेन्सर लावले. वीजबिल खूप कमी होईल या आशेने कुणी करणार असेल तर हिशेब मांडून बघा: ९ वॅटचा दिवा रात्रीचे ११ तास, महिन्याला साधारण ३ युनिट. चार दिव्यांचे १२. सगळं वाचलं तरी १२च. आम्हाला फायदा झाला तो वेगळा: रात्री जिना चढताना कोण येतं आहे हे वरच्या मजल्यावर कळतं.

तर्री_पोहा

कूलरचा सेन्सर त्याच भिंतीवर घेतला. आता दुपारी चुप असते. भाऊ, धन्यवाद. गच्चीवर सोलरवाला सेन्सर दिवा लावला तर चालते का?

सर्किट_सक्करदरा

चालतो, पण आतली बॅटरी बघून घ्या. साधा लिथियम आयन सेल ४५ अंशांच्या पुढे चार्ज करायचा नसतो, आणि आपल्या गच्चीवर मेमध्ये त्या काळ्या पॅनेलच्या मागे तापमान त्याच्या बरंच वर जातं. एक-दोन उन्हाळ्यांत सेलचा जीव जातो. लिथियम फेरो फॉस्फेट असेल तर जास्त टिकतो. पॅनेल वेगळं आणि दिवा वेगळा, मधे वायर, असा प्रकार घ्या. पॅनेल उन्हात, दिवा आणि बॅटरी छज्जाखाली. पावसासाठी आयपी६५ (धूळ आणि पाण्याच्या झोतापासून बचावाचा दर्जा) तरी असावा.

बेसा_रोड

सगळ्यांचं वाचून ठरवलं ते लिहिते. आईच्या दाराजवळ बाजूच्या भिंतीवर एक पीआयआर, पॅसेजमध्ये घोट्याच्या उंचीवर पिवळी पट्टी. बाथरूममध्ये रडार. हॉलमध्ये पीआयआर-मायक्रोवेव्ह जोडीचा एक. पुढचं दार, मागचं दार, गच्चीचं दार यांना बॅटरीवरचे चुंबक. पोर्चमध्ये दोन सेन्सर जवळजवळ. तीन अवस्था कोड दादांप्रमाणे. वायरमनला घर नवीन असल्यामुळे बोर्डात न्यूट्रल मिळालं, ते एक बरं झालं.

एकच राहिलं. आम्ही अमरावतीत असताना भोंगा वाजला आणि फोनवर संदेश आला, तर नेमकं काय करायचं?

हिंगणा_शिफ्ट

निघण्याआधी दोन शेजाऱ्यांना सांगून ठेवा, त्यांचे नंबर संदेशातच येतील असं करा. त्यांनी बाहेरूनच बघायचं, गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही, हे आधीच बजावा. दार उघडं दिसलं किंवा आत कोणी असल्याचं वाटलं तर तिथूनच ११२. तुम्ही अमरावतीहून ११२ लावला तरी चालेल, फक्त आधी नागपूर, बेसा, पूर्ण पत्ता सांगा आणि मग काय झालं ते.

माई_धरमपेठ

आणि शेजाऱ्यांना एकदा तो भोंगा वाजवून दाखवा, म्हणजे आवाज ओळखीचा होईल. आई घरी असतानाच दाखवा, तिलाही तो बंद कसा करायचा ते कळू द्या.